नाइट-क्लबची पहिली रात्र

परगांवीं जावयाचें ठरलें कीं मराठी घरांत चार दिवस आधींपासून धांदल सुरू होते. गाडी किती वाजतां सुटते, वाटेंत जेवण कोठें घ्यावयाचें, उतरल्यावर मुक्काम कोणाकडे करावयाचा, परतीचीं तिकिटें हातांत आलीं कीं नाहींत, या साऱ्या गोष्टी वडीलधाऱ्यांच्या देखरेखीखालीं ठरतात. परंतु त्याच घरांतील मुलगा किंवा मुलगी "शनिवारीं रात्रीं आम्ही नाइट-क्लबांत जाणार आहोंत" असें म्हणाली, तर या व्यवहारचातुर्याची कोणासच आठवण राहत नाहीं. कांहीं घरांत एकदम वादळ उठतें. कांहीं घरांत अवघडलेलें मौन पसरतें. दोहोंचा परिणाम एकच होतो. मुलें जावयाचीं तीं जातातच. फक्त घरचें शहाणपण बरोबर न घेतां जातात.

नाइट-क्लबांत जावें कीं न जावें, हा या भाषणाचा विषय नव्हे. तो निर्णय ज्यानें त्यानें आपल्या घरीं बसून करावा. पण जावयाचें ठरलेंच, तर त्या पहिल्या रात्रीची आंखणी कशी करावी, एवढाच विचार येथें करावयाचा आहे.

रात्रीं संगीताच्या तालावर नाचण्याची ही हौस मुंबईस आजकालच लागली, असें मात्र कोणीं समजूं नये. १९०३ सालच्या १६ डिसेंबरला अपोलो बंदरावर ताजमहाल हॉटेल उघडलें. १९३५ सालीं लिऑन अॅबी या कृष्णवर्णीय अमेरिकन वादकाचा जाझ-संच तेथें वाजवावयास आला. पुढें गोमंतकीय वादकांनींहि त्या व्यासपीठावर आपली जागा मिळविली. 'चिक चॉकलेट' या नांवानें प्रसिद्धीस आलेले आंतोनियो झेवियर वाझ हे त्यांपैकींच एक होत. याच वाझ यांनीं सी. रामचंद्र, म्हणजे आपले रामचंद्र चितळकर, यांच्याबरोबर चित्रपटसंगीतांत काम केलें. १९५१ सालच्या 'अलबेला' चित्रपटांतील ज्या ठेक्यावर मराठी घरांतील मुलांनीं पाय थिरकविले, त्या ठेक्याचें एक मूळ अशा नृत्यगृहांतच होतें. १९४९ च्या दारूबंदीच्या कायद्यानें त्या दुनियेचा रंग बराच उतरला. कालांतरानें बंदी सैल झाली, आणि आज लोअर परळला जेथें गिरण्यांचे भोंगे वाजत, तेथें रात्रीं निराळाच नाद घुमतो.

आतां दादरच्या एका घराचें चित्र श्रोत्यांनीं डोळ्यांपुढें आणावें. थोरला मुलगा सव्वीस वर्षांचा, कचेरींत लागून तीन वर्षें झालेला. धाकटी मुलगी बावीस वर्षांची. तिला नुकतीच पहिली नोकरी मिळालेली. त्या आनंदाप्रीत्यर्थ भावाबहिणीनें व तिच्या ठाण्याच्या दोन मैत्रिणींनीं लोअर परळच्या एका मोठ्या नाइट-क्लबांत जावयाचें ठरविलें आहे. चौघांपैकीं कोणींहि असली जागा पूर्वीं पाहिलेली नाहीं.

वडील वर्तमानपत्र खालीं ठेवून विचारतात, "किती वाजतां जाणार?"

"दहाला, बाबा."

"आणि परत केव्हां येणार?"

यावर बहीण भावाकडे पाहते. भाऊ म्हणतो, "बघूं तेव्हां."

वडील रागावत नाहींत. एक पाठकोरा कागद व पेन्सिल पुढें सरकवून ते म्हणतात, "तेवढें सोडून बाकीचें सगळें ठरवलंत. बसा. आतां शेवटापासून लिहूं."

शेवट म्हणजे परतीचा प्रवास. मुंबईच्या लोकलगाड्या मध्यरात्रीनंतर एकच्या सुमारास थांबतात, त्या पहाटे चारनंतरच पुन्हां धांवूं लागतात. रात्रीच्या करमणुकीचा सर्वांत रंगलेला भाग नेमका या खंडाच्या तोंडाशीं येतो. म्हणून पहिला पर्याय स्वतःच्या मोटारीचा. पण येथें कायदा आडवा येतो. मोटार-वाहन कायद्याच्या १८५ व्या कलमाप्रमाणें चालकाच्या १०० मिलिलिटर रक्तांत ३० मिलिग्रॅमपेक्षां अधिक मद्यार्क आढळल्यास तो गुन्हा होतो. पहिल्याच खेपेस सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. आणि कायदा क्षणभर बाजूला ठेवला, तरी रस्त्यावर झोपलेल्या माणसाचा जीव कांहीं बाजूला ठेवतां येत नाहीं. म्हणून जो चक्र हातीं धरणार, त्यानें त्या रात्रीं पेल्यास हात लावूं नये. एवढा निग्रह कोणाकडून होणार नसेल, तर भाड्याची मोटार करावी, तिचा क्रमांक घरीं कळवावा, आणि चौघांनीं एकत्रच निघावें. बरोबर आलेल्या माणसास मागें ठेवून येणें हा त्या रात्रीचा सर्वांत मोठा अपराध समजावा.

येथें आई स्वयंपाकघरांतून बाहेर येते. "त्या दोघी अपरात्रीं ठाण्याला कशाला जातील? येथेंच झोपूं देत. मी गाद्या घालून ठेवतें. त्यांच्या आयांना मात्र आधीं सांगा." वेळापत्रक घेऊन बसलेल्या दोघा पुरुषांस जें सुचलें नव्हतें, तें एका वाक्यांत सुटलें. कागदावर पहिली ओळ पडली : 'एक वाजतां निघणें, चौघेहि दादरला.'

दुसरी ओळ दाराची. एक वाजेपर्यंत वाट पाहण्यास सवड नसेल, एका मिनिटांत बाहेर पडावें लागेल, तर कोठून? हा प्रश्न अशुभ वाटेल. पण तो इतिहासानें विचारलेला आहे. अमेरिकेंत बोस्टन शहरीं कोकोनट ग्रोव्ह नांवाचा एक नामांकित नाइट-क्लब होता. १९४२ सालच्या २८ नोव्हेंबरला तेथें आग लागली आणि ४९२ माणसें प्राणास मुकलीं. मुख्य दार फिरतें होतें. लोटलेल्या गर्दीनें तें जागच्या जागीं अडकलें. इतर दारांपैकीं कांहींस कुलुपें होतीं, आणि आंतल्या बाजूस उघडणारें दार गर्दीच्याच दाबानें उघडेना. मुंबईंत २०१७ सालच्या २९ डिसेंबरला, मध्यरात्र उलटून गेल्यावर, लोअर परळच्या कमला मिलच्या आवारांतील गच्चीवरच्या उपाहारगृहांस आग लागून १४ जणांचा अंत झाला. त्यांतील अनेकांनीं स्वच्छतागृहाचा आसरा घेतला होता. तेथें ज्वाळा पोंचण्याआधींच धूर पोंचला. २०२५ सालच्या ६ डिसेंबरच्या रात्रीं उत्तर गोव्यांत हडफडें येथील नाइट-क्लबच्या आगींत २५ माणसें दगावलीं, आणि त्यांत बहुसंख्य तेथें राबणारा नोकरवर्ग होता. करमणुकीस गेलेल्यांइतकेच त्यांच्यासाठीं पाणी व ताटें आणणारेहि त्याच दारांवर अवलंबून असतात, ही गोष्ट विसरतां येत नाहीं.

म्हणून आंत शिरल्यावर, बसण्यापूर्वीं, दिवे व गर्दी यांनीं दृष्टि दिपण्यापूर्वीं, आलों त्या दाराखेरीज दुसरें दार कोठें आहे, तें एकदां चालत जाऊन पाहून यावें. त्याच्यापुढें खोकीं रचलेलीं नाहींत ना, तें उघडतें ना, एवढें पाहण्यास दोन मिनिटें पुरतात. दुसरें दार सांपडलें नाहीं, किंवा त्याला कुलूप दिसलें, तर पैसे बुडाले तरी चालतील, पण परत फिरावें. धूर दिसल्यास कोंडलेल्या खोलींत शिरूं नये. वांकून, जमिनीलगत राहून, पाहून ठेवलेल्या दाराकडे जावें.

तिसरी ओळ शरीराची. रिकाम्या पोटीं मद्य झपाट्यानें रक्तांत उतरतें, म्हणून घरून जेवून निघावें. घरचा वरणभात खाऊन नाइट-क्लबांत जाणें हास्यास्पद वाटेल. पण तेथील दर वाचल्यावर त्यांतील अर्थशास्त्रहि लक्षांत येईल. मद्य न घेतां तेथें रात्र घालवतां येते, आणि लिंबूसोडा हातांत धरून नाचणारास कोणी अडवीत नाहीं. ज्याला घ्यावयाचें असेल, त्यानें एवढें जाणून असावें कीं, तीस मिलिलिटरचा एक लहान पेग शरीराबाहेर जावयास साधारणतः एक तास लागतो. काळ्या कॉफीनें, थंड पाण्याच्या हबक्यानें किंवा मोकळ्या हवेनें ही घाई होत नाहीं. माणूस फक्त जागा झाल्यासारखा वाटतो. प्रत्येक पेल्यामागें एक पेला पाणी प्यावें. पेला नजरेआड ठेवून नाचावयास जाऊं नये. गेल्यास परत येऊन तो तोंडाला लावूं नये, दुसरा मागवावा. अनोळखी माणसानें आणून दिलेलें पेय कितीहि सौजन्यानें दिलेलें असलें, तरी नाकारण्यांत असभ्यता नाहीं.

कानांचाहि विचार करावा. ८५ डेसिबल आवाजांत माणसानें आठ तास काम करावें, त्यापुढें प्रत्येक तीन डेसिबलला ती मुदत निम्मी करावी, असा एक प्रमाणभूत हिशेब कामगारांच्या आरोग्याचा विचार करणाऱ्यांनीं बसविला आहे. त्या हिशेबानें १०० डेसिबलला पंधराच मिनिटें उरतात. आणि नृत्याच्या फरशीवर, ध्वनिवर्धकांपाशीं, तेवढा आवाज सहज असतो. औषधांच्या दुकानांत फोमचे बोळे अल्प किमतींत मिळतात. ते कानांत घातले तरी ताल ऐकूं येतोच. टेबल ध्वनिवर्धकांपासून दूर मागावें.

चौथी ओळ पैशाची. नामांकित जागीं दारांतच प्रवेशशुल्क घेतात. त्यांतील कांहीं भाग पुष्कळदां खाण्यापिण्याच्या बिलांत वळता होतो, कांहीं ठिकाणीं मुळींच होत नाहीं. टेबल राखून ठेवल्यास किमान खर्चाची अट असते. त्यावर कर येतात. बिलांत सेवाशुल्क आपोआप जोडलेलें आढळलें, तर तें ऐच्छिक आहे, हें ध्यानांत ठेवावें. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें जुलै २०२२ मध्यें तशी मार्गदर्शक तत्त्वें काढलीं, आणि दिल्ली उच्च न्यायालयानें २०२५ सालीं तीं उचलून धरलीं. हें सर्व आदल्या दिवशीं दूरध्वनीवर विचारून घ्यावें, प्रत्येकाचा वांटा आधींच ठरवावा, आणि प्रत्येकाजवळ एकट्यानें घरीं येण्यापुरती रोकड निराळी असावी. भ्रमणध्वनीची शक्ति मध्यरात्रीं संपते, नोटेची संपत नाहीं.

राहिली पांचवी ओळ, आणि तीच प्रवासाची पहिली पायरी : प्रवेश. बंद बूट, पायघोळ विजार, नीटनेटका सदरा हा पुरुषांचा वेष बहुतेक ठिकाणीं चालतो. चप्पल व अर्धी विजार यांस अशा जागीं सहसा मज्जाव असतो. बायकांनीं चार तास उभें राहतां येईल असें पादत्राण घालावें. मुख्य प्रश्न वयाचा. महाराष्ट्रांत सौम्य बिअर व वाइन यांस एकवीस, आणि इतर मद्यास पंचवीस वर्षें पूर्ण लागतात. शिवाय मद्यप्राशनास परवाना लागतो. एक दिवसाचा परवाना नाममात्र शुल्कांत मिळतो. त्यामुळें अनेक नाइट-क्लब एकवीस वर्षांखालील माणसास, तर कांहीं पंचविशीच्या आंतील माणसास मुळींच आंत घेत नाहींत.

हें लिहितांना मुलीची पेन्सिल थांबली. दोन मैत्रिणींपैकीं एकीस एकवीस पुरीं होण्यास अद्याप सहा आठवडे होते.

"त्यांत काय?" दादा म्हणाला. "कोणाचें तरी ओळखपत्र दाखवूं. अंधारांत कोण पाहतो?"

वडील थोडा वेळ बोलले नाहींत. मग म्हणाले, "आणि आंत कांहीं झालें, तर ती मुलगी पोलिसाला नांव कोणतें सांगेल? इस्पितळवाले घरीं कळवतील तें कोणाच्या?"

तिला वगळून जाण्याचा मार्ग होता, पण तो बहिणीनेंच नाकारला. "आम्ही तिघी एकत्र ठरवलंय. ती आली तरच मी जाईन." कागदावरील शनिवार खोडला गेला. त्या ऐवजीं सात आठवड्यांनंतरचा शनिवार लिहिला गेला. त्या रात्रीं चौघांनीं माटुंग्यास डोसा खाल्ला, व तो आनंद कांहीं कमी भरला नाहीं.

सात आठवड्यांनंतर तीं सर्वजण गेलीं. दहाला आंत शिरलीं, मनसोक्त नाचलीं, आणि एक वाजून वीस मिनिटांनीं दादरच्या जिन्यावर, शेजार जागा होऊं नये म्हणून पादत्राणें हातांत घेऊन, हळूंहळूं वर चढलीं. आईनें गाद्या घातलेल्या होत्या. वडील आरामखुर्चींत पुस्तक उलटें धरून जागत असल्याचें सोंग करीत होते, कीं झोपेचें, हें कोणास सांगतां आलें नसतें.

"काय, कसें काय होतें?" त्यांनीं विचारलें.

"दुसरें दार भटारखान्याच्या बाजूला होतें, बाबा. त्याच्यापुढें दोन खुर्च्या ठेवलेल्या होत्या. दादानें व्यवस्थापकाला सांगून त्या उचलायला लावल्या."

"बरें केलें," वडील म्हणाले, "आणि संगीत?"

त्यावर मात्र चौघेंहि एकदम बोलूं लागलीं, आणि आईला, शेजारीं जागे होतील म्हणून, दार लोटून घ्यावें लागलें.