जुनी रायफल : फेरफार की मूळ रूप?



जुनी वस्तू सोयीप्रमाणे बदलून वापरावी की आहे तशी जपावी, हा प्रश्न वाडे आणि देवळे यांच्या संदर्भात नेहमी निघतो; शस्त्रांच्या बाबतीत मात्र क्वचितच. त्या दृष्टीने ली-एनफील्ड रायफलीची कथा उद्‌बोधक आहे. ‘थ्री नॉट थ्री’ या नावाने ती खेडोपाडी परिचित आहे. पोलीस शिपायाच्या खांद्यावर ती पिढ्यान्‌पिढ्या दिसली. उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला निरोप दिला तो २०२० च्या प्रजासत्ताक दिनी.

दुसऱ्या महायुद्धानंतर या रायफली मोठ्या संख्येने शिल्लक राहिल्या आणि अमेरिका व कॅनडा येथे अल्प किमतीत विकल्या गेल्या. लष्करी रायफलीचे लाकूड जवळजवळ नळीच्या तोंडापर्यंत असते; रानात ते ओझे होते. शिकाऱ्यांनी ते अर्ध्यावर कापले, संगीन अडकविण्याचे टोक काढले, दुर्बिणीसाठी पोलादाला भोके पाडली, कोणी नळीही आखूड केली. त्यांना आज दोष देणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. नवी शिकारी रायफल परवडत नव्हती आणि जुन्या ढिगाने पडल्या होत्या. ढीग सरला तेव्हा मात्र अखंड रायफलीचा शोध सुरू झाला. कापलेले लाकूड परत जोडता येत नाही.

अशी रायफल पारखताना प्रथम क्रमांक पाहतात. मुख्य अंगावर आणि बोल्टवर एकच क्रमांक असावा लागतो. ही केवळ संग्राहकांची हौस नव्हे. प्रत्येक बोल्ट त्या त्या रायफलीला जुळवून बसविलेला असे. दुसरा घातल्यास काडतुसामागील अंतर बिघडून धोका संभवतो.

परंतु मूळ रूप म्हणजे तरी कोणते? १८५७ च्या उठावात जिच्या काडतुसांवरून असंतोष भडकला, ती १८५३ च्या नमुन्याची एनफील्ड ठासणीची होती. १८६६ पासून ब्रिटिश सरकारनेच अशा बंदुकांच्या नळीचा मागील भाग कापून तेथे उघडझाप होणारी स्नायडर यंत्रणा बसविली. पश्चिम बंगालमधील ईशापूर कारखान्याने काही ली-एनफील्ड रायफली पहारेकऱ्यांसाठी बदलल्या. नळीतील आटे काढून ती गुळगुळीत केली आणि मॅगझिनच्या जागी लाकडी ठोकळा बसविला, म्हणजे एका वेळी एकच काडतूस भरता यावे. आज कोणी उत्साहाने तो ठोकळा काढून रायफलीला ‘मूळ’ करू गेला, तर तिचा खरा इतिहासच पुसला जाईल. कारखान्याने अधिकृतपणे केलेला बदल हा त्या शस्त्राच्या आयुष्याचा भाग होय. नंतर हौसेखातर चालविलेली कानस नव्हे.

कायद्याचाही येथे संबंध येतो. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम ६ नुसार परवान्याशिवाय बंदुकीची नळी आखूड करता येत नाही. वडिलोपार्जित बंदूक ‘जरा सुटसुटीत’ करून देणाऱ्या कारागिराने आणि ती करवून घेणाऱ्या मालकाने, दोघांनीही हे ध्यानी घ्यावे.

घरातील परवान्याच्या जुन्या बंदुकीवर तर बहुधा कापण्यापेक्षा घासण्याचेच संकट अधिक. दसऱ्याच्या पूजेसाठी ती काचकागदाने लखलखीत केली जाते आणि त्याबरोबर नळीवरचे शिक्के, साल, कारखान्याची खूण झिजून जाते. तेलाचे फडके पुरेसे असते. आणि तुटका दस्ता बदलावाच लागला, तर जुना दस्ता चुलीत न घालता चिठ्ठी बांधून बंदुकीजवळ ठेवावा.