चार नाटकांची तीन नाटके



दिवाळीची सुट्टी संपली की शाळाशाळांतून संमेलनाचे वारे वाहू लागतात. जत्रेसाठी गावातही नाटक बसते. मग प्रश्न येतो वेळेचा. नाटक चार तासांचे आणि मुलांचा दम दीड तासाचा! अशा वेळी मास्तर लाल पेन्सिल घेऊन पाने खोडायला बसतात. आज बोलायचे आहे ते या लाल पेन्सिलीविषयी. उदाहरण मात्र दूरचे, इंग्लंडातले घेतो.

पंधराव्या शतकात तिथे राजघराण्यात मोठी भाऊबंदकी माजली. आपल्याकडे ती बांधावरून पेटते, तिथे सिंहासनावरून पेटली. १४२२ साली पाचवा हेन्री वारला, तेव्हा त्याचा वारस होता अवघा नऊ महिन्यांचा. हा सहावा हेन्री मोठा झाला तो देवभोळा, मऊ मनाचा. मग लँकेस्टर आणि यॉर्क या एकाच कुळाच्या दोन शाखा एकमेकींवर उठल्या. १४५५ ते १४८५, तीस वर्षे अधूनमधून रक्त सांडत राहिले. लाल आणि पांढरा गुलाब ही त्या दोन पक्षांची चिन्हे मानतात, म्हणून हे ‘गुलाबांचे युद्ध’. नाव सुंदर, पण गोष्ट मोठी क्रूर.

शेक्सपिअरने यावर चार नाटके रचली. सहाव्या हेन्रीवर तीन आणि तिसऱ्या रिचर्डवर एक. सगळ्या मिळून ओळी बारा हजारांच्या वर. १९६३ साली स्ट्रॅटफर्ड येथे रॉयल शेक्सपिअर कंपनीने त्यांची तीन नाटके करून रंगभूमीवर आणली. रंगावृत्ती जॉन बार्टन यांची आणि मुख्य दिग्दर्शन पीटर हॉल यांचे. बार्टननी मूळच्या सुमारे सहा हजार ओळी, म्हणजे निम्म्याच, ठेवल्या. आणि सांधे जुळवायला चौदाशेच्या आसपास ओळी चक्क स्वतः लिहिल्या, त्याही शेक्सपिअरच्या घाटात!

आता तुम्ही म्हणाल, हा अधिकार त्यांना दिला कोणी? तिथल्या जाणकारांनीही हेच विचारले. प्रश्न रास्त आहे. पण थोडे मागे जाऊन बघा. खुद्द शेक्सपिअरने बखरींचे काय केले होते? सेंट ऑल्बन्सची पहिली लढाई १४५५ सालची. नाटकात तिथे रिचर्ड तलवार गाजवतो. खरा रिचर्ड त्या वेळी पुरता तीन वर्षांचाही नव्हता! मार्गारेट राणी १४८२ साली फ्रान्समध्ये वारली. नाटकात ती त्यानंतरच्या इंग्लंडच्या दरबारात उभी राहून शिव्याशाप देते. म्हणजे पहिली लाल पेन्सिल नाटककारानेच चालवली होती. इतिहासाचा तास आणि नाटकाचा पडदा यांत हा फरक आहे. शिक्षकांनी तो मुलांना सांगून टाकावा, लपवू नये.

मग खोडायचे काय आणि राखायचे काय? मी चुकलो ती गोष्ट सांगतो.

मी शिक्षक असताना एक ऐतिहासिक नाटक बसवले होते. वेळ वाचावा म्हणून त्यातला आई आणि मुलगा यांचा छोटा प्रवेश मी गाळला. नुसते बोलणे होते, लढाई नव्हती. शेवटच्या अंकात तो मुलगा पडल्याची बातमी येते. आमच्या नटाने जीव ओतून काम केले. पण मंडपात कोणी हलले नाही. पडदा पडल्यावर पुढे बसलेले एक म्हातारेबुवा मला म्हणाले, “मास्तर, झ्याक झालं. पण त्यो मेला, त्यो कोन हुता?”

मला काय बोलावे सुचेना. मरण ठेवले होते मी, माणूस गाळला होता.

याच नाटकांतला एक प्रसंग पाहा. यॉर्कचा सरदार पकडला जातो. मार्गारेट राणी त्याच्या डोक्यावर कागदाचा मुकुट ठेवते आणि डोळे पुसायला त्याला रुमाल देते. तो रुमाल त्याच्या धाकट्या पोराच्या, रटलंडच्या, रक्तात भिजवलेला. आता त्या पोराच्या हत्येचा आधीचा प्रवेश कोणी गाळला, तर प्रेक्षकांच्या लेखी तो रुमाल म्हणजे लाल रंगाचे फडके!

स्ट्रॅटफर्डच्या प्रयोगाचे बळ याच जाणिवेत होते. पेगी ॲशक्रॉफ्ट या बाईंनी मार्गारेट केली. तेव्हा त्या पंचावन्न वर्षांच्या होत्या. पहिल्या नाटकात कोवळी तरुणी, तिसऱ्यात सारे गमावलेली म्हातारी. तिन्ही नाटकांतून एकच बाई डोळ्यांसमोर झिजत जाते, त्यामुळे कथेचा धागा तुटत नाही. रंगमंचही साधाच, धातूच्या पत्र्यांनी मढवलेल्या भिंती आणि मध्ये राजमंडळाचे मोठे मेज. राजे बदलले तरी मेज तेच. राजवाडे उभारण्यात वेळ गेला नाही, की पैसाही नाही.

तेव्हा शिक्षकमित्रांनो, पेन्सिल हातात घेण्यापूर्वी नाटक दोनदा वाचा. प्रत्येक मरणापुढे, प्रत्येक शपथेपुढे खूण करा आणि तिचे मूळ कोणत्या प्रवेशात आहे ते शोधा. ते मूळ राखा. लढाया कमी करा, निरोपे आणि हुजरे एकत्र करा, दुसऱ्यांदा सांगितलेली हकिकत गाळा. जोड द्यायला चार वाक्ये लिहावी लागली तर लिहा; पण ती आपली आहेत हे पडदा उघडण्यापूर्वी सांगा. जिवंत लेखकाचे नाटक असेल तर आधी त्याची परवानगी घ्या.

आणि तालमीला एखादे म्हातारेबुवा बोलावून बसवा. शेवटी त्यांना एवढेच विचारा, “बाबा, मेला तो कोण होता?” त्यांनी सांगितले, तर तुमची पेन्सिल योग्य जागी चालली असे खुशाल समजा.