ताटाची खरी किंमत
(नभोवाणीवरील भाषण)

स्वयंपाक कसा झाला, हे आपल्याकडे सगळेच विचारतात. स्वयंपाक कितीला पडला, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. घरच्या चुलीपुरते ते शोभूनही दिसते. परंतु तीच चूल ज्या दिवशी पोटाचे साधन होते, त्या दिवसापासून हा दुसरा प्रश्न टाळून चालत नाही. आज याच प्रश्नासंबंधी, आणि तो सोडविण्यासाठी अलीकडे हाताशी आलेल्या एका नव्या साधनासंबंधी, मी आपल्याशी चार शब्द बोलणार आहे.

बेळगावातील खासबाग, वडगाव, शहापूर हा भाग विणकरांचा. हातमाग आणि पुढे यंत्रमाग यांच्या आवाजावर येथल्या कित्येक गल्ल्यांची झोप आणि जाग ठरत आली. खासबागेत रविवारी आठवड्याचा बाजार भरतो. त्या बाजारातून भाजीच्या दोन पिशव्या सावरीत येणाऱ्या एक बाई माझ्या परिचयाच्या आहेत. घरचे माग बंद पडल्यावर त्यांनी आणि त्यांच्या जावेने खाणावळ घातली. भाकरी, उसळ, पालेभाजी, आमटी, भात आणि ताटाच्या कडेला शेंगाचटणी, असे साधे ताट. जेवणारे म्हणजे मागावरचे कामगार आणि बाहेरगावाहून शिकायला आलेली मुले. हाताला चव अशी की एकदा आलेला माणूस सहसा दुसरीकडे जात नाही. आणि तरीही महिनाअखेर वाण्याची उधारी पुरती फिटत नसे. "गिऱ्हाईक हाय, चव हाय, मग पैसा जातोय कुठं?" हा त्यांचा नेहमीचा प्रश्न.

त्यांची एक भाची महाविद्यालयात शिकते. तिने एके दिवशी मावशीच्या मोबाईलवर पाककृतींचा हिशेब ठेवणारे एक सॉफ्टवेअर उतरवून घेतले. या साधनाचे काम तसे सरळ आहे. प्रत्येक पदार्थाला कोणता जिन्नस किती लागतो, हे एकदा लिहून ठेवावयाचे. तो जिन्नस बाजारात कोणत्या भावाने मिळतो, हे दुसरीकडे लिहावयाचे. मग गुणाकार आणि बेरीज यंत्र करते आणि एका ताटाला किती खर्च आला, ते पैशांसह सांगते. मोठ्या हॉटेलांतून ही पद्धत रुळलेली आहे. मी त्या दिवशी योगायोगाने तेथे होतो, म्हणून पुढचा प्रकार मला पाहावयास मिळाला.

पहिलीच अडचण मापाची आली. "उसळीला तिखट किती?" भाचीने विचारले. मावशींनी बोटांची चिमूट दाखविली. "आणि मीठ?" "अंदाजानं." यंत्राला अंदाज कळत नाही, त्याला ग्रॅम लागतात. आपल्या स्वयंपाकाने मापाची किती तरी स्थित्यंतरे पाहिली आहेत. शेर, पावशेर, तोळा ही मापे आमच्या आज्यांची. देशात १९५७ साली दशमान नाणी आली आणि १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलो-ग्रॅमची वजने आली. कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'ने १९७० मध्ये वाटी-चमच्याचे माप घरोघर नेले आणि नवशिक्या सुनांची मोठीच सोय केली. परंतु एका घरची वाटी दुसऱ्या घरच्या वाटीएवढी नसते, आणि वाणी तर वाटीने काही देत नाही. खरेदी किलोने, रांधणे मुठीने आणि विक्री ताटाने! हिशेब नेमका या तीन मापांच्या मधल्या फटींतून गळत असतो. शेवटी भाचीने वजनकाटा आणला आणि मावशींची प्रत्येक मूठ त्यावर तोलली. नवल असे की, तीन वेळा घेतलेली मिठाची मूठ तिन्ही वेळा जवळजवळ तेवढीच भरली. हाताचा अंदाज चुकत नव्हता. तो फक्त कोठे लिहिलेला नव्हता.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. भाचीने मेथीचा भाव लिहिला, वजन लिहिले, आणि यंत्राने भाजीची किंमत सांगितली. मावशी लगेच म्हणाल्या, "हे खोटं हाय." त्यांचे बरोबर होते. यंत्राने जुडीचे वजन धरले होते. कढईत जाते ती निवडलेली मेथी. निपाणी-चिकोडीकडील ऊस लावणाऱ्या शेतकऱ्याला 'उतारा' हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. कारखान्यात किती टन ऊस गेला यापेक्षा त्यातून किती साखर उतरली, यावर सारे अवलंबून असते. तसा प्रत्येक भाजीलाही उतारा असतो. समजा, मेथी ६० रुपये किलोने आणली आणि मुळे, जाड देठ, पिवळी पाने काढून ६०० ग्रॅमच हाती राहिली. तर कढईतली मेथी ६० रुपयांची नसून १०० रुपये किलोची आहे! बटाट्याची साल, लसणाचे टरफल, मिरचीचे देठ, शेंगदाणे भाजताना उडालेले पाणी आणि पाखडताना गेलेली साले, या सर्वांचे पैसे आपण मोजलेले असतात आणि त्यातले ताटात काहीच येत नाही. उलट कोरडी मटकी भिजून, मोड येऊन दुपटीहून अधिक भरते आणि एक किलो तांदळाचा अडीच-तीन किलो भात होतो. तेथे किंमत उतरते. चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये हा उतारा लिहिण्याची जागा असते. ती रिकामी ठेवली, तर सारा हिशेब नीटनेटका परंतु चुकीचा होतो. आणि नीटनेटका चुकीचा हिशेब ओबडधोबड अंदाजापेक्षाही घातक, कारण त्यावर विश्वास बसतो.

तिसरी गोष्ट शेंगाचटणीची. मावशींच्या मते ती फुकटची. कारण चमचाभरच तर वाढायची. यंत्रात मात्र चटणी हा स्वतंत्र पदार्थ म्हणून एकदा लिहिला की, तो जेथे जेथे वाढला जातो तेथे तेथे त्याची किंमत आपोआप जोडली जाते. २०२३ च्या जुलैत टोमॅटोने आणि २०२४ मध्ये लसणाने केवढे भाव दाखविले, ते आपण विसरला नसाल; २०२४ च्या आरंभी कित्येक शहरांत लसूण किलोला चारशे रुपयांवर गेला होता. अशा वेळी वहीत हिशेब ठेवणाऱ्याला चटणी, आमटी, उसळ, फोडणी, सगळ्यांचे आकडे पुन्हा मांडावे लागतात, आणि तेवढी फुरसत चुलीपाशी कोणाला असते? यंत्रात लसणाचा नवा भाव एका ठिकाणी लिहिला की सारे आकडे क्षणात बदलतात. या साधनाचा खरा उपयोग माझ्या मते हाच. बेरीज तर आपली वहीही करते. परंतु रविवारच्या बाजारात भाव बदलल्यावर सोमवारच्या ताटाची किंमत सांगणे वहीला जमत नाही.

आता आकडे सांगतो. ते गोळाबेरीज करून, समजण्यापुरते सांगत आहे. ताटाचा दर ७० रुपये. जिन्नसांचा खर्च मावशींच्या अंदाजाने ४२ रुपये. म्हणजे ताटामागे २८ सुटतात आणि पन्नास ताटांचे दिवसाला १,४०० होतात, असा त्यांचा हिशेब. उतारा, चटणी आणि रात्री उरून वाया जाणारे अन्न धरल्यावर ४२ चे ४७ झाले. मग गॅस. धंद्याला १९ किलोचा व्यापारी सिलिंडर लागतो. तो १,८०० रुपयांना पडून नऊ दिवस पुरला, तर दिवसाचे २०० आणि ताटाचे ४ रुपये झाले. जागेचे भाडे, वीज, पाणी, भांड्यांची पूड यांचे ५ रुपये. एकूण ५६. सुटले १४, आणि पन्नास ताटांचे ७००. म्हणजे मावशी ज्याला आपली मिळकत समजत होत्या, तिचा बरोबर अर्धा भाग अस्तित्वातच नव्हता. वाण्याची उधारी का फिटत नाही, याचे उत्तर येथे होते.

यंत्राने तेवढ्यावर न थांबता त्या ताटापुढे तांबडी खूण केली. हॉटेलच्या धंद्यात जिन्नसांचा खर्च विक्रीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास असावा, असा एक ठोकताळा शिकविला जातो, आणि तो सॉफ्टवेअरमध्ये घालून ठेवलेला होता. त्याप्रमाणे ४७ रुपयांचे ताट १४० रुपयांना विकावयास हवे. मागावर काम करणारा माणूस दोन्ही वेळा १४० रुपयांचे ताट कोठून जेवणार? पंख्याखालच्या टेबलाचा नियम खाणावळीच्या पाटाला लावता येत नाही. ठोकताळा यंत्राचा, निर्णय आपला. हे भान सुटले तर यंत्र मदतनीस न राहता मालक होते.

त्यानंतर जे घडले, त्यासाठीच खरे म्हणजे मी आज बोलावयास बसलो आहे. यंत्रात एक रकाना रिकामा राहिला होता. भाचीने विचारले, "मावशी, तुझी मजुरी किती लिहू?"

मावशी हसल्या. "माझी कसली गं मजुरी? घरचंच हाय की."

भाची क्षणभर गप्प राहिली. मग तिने जे सुटतात ते ७०० रुपये दोन बायकांत वाटले, प्रत्येकी ३५०. पहाटे पाचला भाकरीचे पीठ मळण्यापासून रात्रीची भांडी होईपर्यंतचे, मधला विसावा वगळून, बारा तास धरले. तासाला तीस रुपयांहूनही कमी पडले. तिने मोबाईल मावशींसमोर धरला. मावशींनी आकड्याकडे पाहिले, मग भिंतीशी उलट्या टेकवून ठेवलेल्या जुन्या मागाच्या सामानाकडे पाहिले आणि एवढेच म्हणाल्या, "कांड्या भरायचं पण असंच होतं बघ."

श्रोतेहो, विणकरांच्या वस्तीत राहिलेल्यांना या एका वाक्याचा अर्थ सांगावयास नको. मागावर पुरुष बसे. धोट्यात घालावयाच्या कांड्या घरातील बाई भरी. सावकार सूत तोलून देई, कापड मोजून घेई आणि लुगड्यामागे मजुरी देई. ती मजुरी विणकराच्या नावावर मांडली जाई. कांड्या भरणारीचे नाव कोणत्याच वहीत नसे. माग गेला, चूल आली, वही जाऊन मोबाईल आला. रकाना मात्र रिकामाच राहिला.

तो भरता येतो, हे आपल्याकडील बायकांनीच पूर्वी दाखवून दिले आहे. मुंबईत गिरगावात १५ मार्च १९५९ रोजी सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटावयास सुरुवात केली. तोच आजचा लिज्जत पापडाचा उद्योग. तेथे पापड लाटणाऱ्या बहिणीला किलोच्या हिशेबाने लाटण्याची मजुरी मिळते, आणि ती पापडाच्या किमतीचा भाग म्हणून धरलेली असते. नफा मागाहून. तसेच प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये गिरणगावातील खाणावळवाल्या बायकांसाठी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या या बायका वाण्याच्या आणि सावकाराच्या कर्जात बुडालेल्या असत. त्यांना बँकेची दारे उघडली, ती त्या संघटित झाल्या आणि आपले काम हा एक धंदा आहे, असे उघडपणे म्हणू लागल्या म्हणून. चव त्यांच्या हाताला आधीही होतीच.

मावशींनी पुढे काय केले, असे आपण विचाराल. त्यांनी रकाना भरला. मेथी महाग असेल त्या आठवड्यात कोबी किंवा दुसरी स्वस्त पालेभाजी करावयाचे ठरविले. संध्याकाळी किती ताटे लागतील, हे दुपारीच विचारून घेऊ लागल्या, म्हणजे अन्न उरत नाही. चटणीतला लसूण मात्र कमी करू दिला नाही. आणि ताटाचा दर ७५ केला. पन्नासच्या पन्नास जेवणारे टिकले, तर दोघींच्या वाट्याला ३५० ऐवजी ४७५ येतील. ते सगळे टिकले नाहीत. दोघेतिघे दुसरीकडे जेवू लागले. राहिलेल्यांपैकी एका म्हाताऱ्या विणकराने नवा दर ऐकून विचारले, "पाच कशाचे वाढवलेत?" मावशींनी त्याला उत्तर दिले, "कांड्यांचे." तो काही बोलला नाही, पैसे ठेवून उठला आणि दुसऱ्या दिवशी जेवावयास आला.

ज्या भगिनी खाणावळ चालवितात, डबे पोहोचवितात, बचत गटातून चटण्या आणि लाडू विकतात, त्यांना माझे एवढेच सांगणे आहे. हे साधन मिळत असेल तर जरूर वापरा. न मिळाल्यास दोन पैशांची वही घ्या. आठ दिवस प्रत्येक मूठ तोला. भाजी निवडल्यावर पुन्हा तोला. दर आठवड्याच्या बाजारानंतर भाव बदला. गॅस आणि उरलेले अन्न विसरू नका. आणि जिन्नस लिहावयास घेण्यापूर्वी, अगदी पहिल्या ओळीवर, स्वतःची मजुरी लिहा. ती बाजारातील मजुरीएवढी लगेच मिळेल असे नव्हे. परंतु जी रक्कम लिहिलीच नाही, ती कोणत्याही यंत्राच्या बेरजेत कधीच येणार नाही.