पद लहान, जबाबदारी मोठी



अमेरिकन विद्यापीठांच्या अनेक विभागांत पदव्युत्तर विद्यार्थ्यांची संघटना असते. अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार, नवागतांच्या स्वागताचा प्रमुख आणि प्राध्यापकांच्या सभेतील प्रतिनिधी ही तिची पदे. मुदत सहसा एका वर्षाची, बहुधा विनामानधन.

संशोधनाचा भार वाढला की सारी कामे दोघातिघांवर पडतात. ते पदवी घेऊन गेले की अनुभवही त्यांच्याबरोबर जातो. मी खजिनदार झालो तेव्हा हाती आली एक अर्धी कोरी वही! म्हणून आम्ही दोन नियम केले : प्रत्येक पदास एक सहायक, आणि निरोपापूर्वी लेखी कार्यभार.

आपल्या मुलामुलींनी नुसते सभासद राहू नये. अभ्यासक्रमाचे प्रश्न जेथे चर्चिले जातात, तेथील प्रतिनिधिपद त्यांनी आवर्जून मागावे.