लाकडाच्या चौकटीचा हिशेब

मी सैन्यात सॅपर होतो, म्हणजे इंजिनिअर शाखेचा. पूल टाकणं, सुरुंग काढणं, बंकर उभारणं हे आमचं काम. निवृत्तीनंतर डेहराडूनला राहतो. आमच्या कॉलनीत नवं घर बांधणारा कुणी भेटला की अभिमानाने सांगतो, "कर्नलसाहेब, घरात लाकडाची काडी वापरलेली नाही. सगळं ॲल्युमिनियम आणि यूपीव्हीसी. झाडं वाचवली!" हेतू चांगलाच आहे. हिशेब मात्र उलटा आहे.

दाराची एक चौकट घ्या. सात फूट उंच, साडेतीन फूट रुंद, पाच बाय अडीच इंची. तिला साधारण दीड घनफूट लाकूड लागतं. सागवान असेल तर वाळल्यावर वजन २८ किलोच्या आसपास. सुक्या लाकडाचं जवळपास निम्मं वजन कार्बनचं असतं, आणि तो झाडाने हवेतूनच घेतलेला असतो. म्हणजे सुमारे ५० किलो कार्बन डायऑक्साइड तुमच्या दारात बंद होऊन उभा आहे. चौकट टिकेल तोवर तो तिथेच राहणार. माझ्या आजोळच्या वाड्यातल्या चौकटींनी चार पिढ्या पाहिल्या.

आता सिमेंट बघा. चुनखडी भाजली की एक टन क्लिंकरमागे नुसत्या दगडातूनच सुमारे अर्धा टन कार्बन डायऑक्साइड निघतो. भट्टीचं इंधन वेगळं. ॲल्युमिनियमला प्रचंड वीज लागते, आणि आपल्याकडे ती बहुतांशी कोळशाची. लाकडाचं काम करवत, वाळवण आणि ट्रक एवढ्यावर भागतं. अट एकच: जिथलं झाड तोडलं, तिथे दुसरं वाढलं पाहिजे. ही अट पाळली नाही तर वरचा सगळा हिशेब कागदावरच राहतो.

आपल्याकडे या अटीऐवजी लाकडालाच हद्दपार करायची पद्धत पडली. १९९३ मध्ये केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने आपल्या इमारतींत लाकूड वापरणं बंद केलं. जंगलं झपाट्याने जात होती, त्यामुळे तेव्हाची काळजी खरी होती. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मंजूर कार्य आयोजनेशिवाय जंगलतोडीला मनाई केली, तो निर्णय तर माझ्या मते आवश्यकच होता. पण लाकडाची गरज काही संपली नाही. आपण ते जहाजाने मागवू लागलो. म्यानमारचा साग येत होता. २०१४ मध्ये त्यांनी ओंडक्यांची निर्यात थांबवली, तसा दुसऱ्या देशांतून येऊ लागला. जंगल कुणाचं तरी जातच होतं, फक्त आपल्याला दिसत नव्हतं. विभागाने ती बंदी उठवली २०२० मध्ये.

डेहराडूनहून अंबाल्याकडे जाताना यमुनानगर लागतं. रस्त्याने पॉपलरच्या ओंडक्यांनी भरलेल्या ट्रॉल्यांची रांग दिसते. हे जंगलातलं लाकूड नव्हे. शेतकऱ्याच्या बांधावरचं, शेतातलं. सहा ते आठ वर्षांत झाड तोडणीला येतं. हिवाळ्यात पानं गळतात, म्हणून खाली गव्हाला ऊन मिळतं. प्लायवूडचे कारखाने विकत घेतात म्हणून तो लावतो. भाव पडले की लावत नाही, सरळ गोष्ट आहे. "लाकूड वापरू नका" हा उपदेश सगळ्यांनी ऐकला तर या झाडांची संख्या वाढेल की घटेल, तुम्हीच सांगा.

आता काश्मीर. ८ ऑक्टोबर २००५ चा भूकंप, ७.६ तीव्रतेचा. पलीकडे तर अनर्थ झालाच; आपल्या बाजूला उरी आणि तंगधारला सर्वांत मोठा फटका बसला. मदतकार्यात मी उरी भागात होतो. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड छप्पर अशी घरं जागच्या जागी ढिगारा झाली होती. वाईट बांधलेले काँक्रीटचे स्लॅब तर एकावर एक बसले होते. आणि मधेच एखादं जुनं घर, गिलावा उडालेला, भिंतीला भेगा, पण उभं. माणसं जिवंत बाहेर आलेली. ती धज्जी देवारीची घरं होती. धज्जी म्हणजे चिंधी. गोधडीसारखी जोडलेली भिंत. लाकडाची चौकट करायची, तिच्यात आडव्या-उभ्या-तिरप्या पट्ट्या मारून लहान लहान खण पाडायचे आणि ते वीट-दगड-चिखलाने भरायचे. हादरा बसला की प्रत्येक खण थोडा घासतो, थोडा भेगाळतो, आणि धक्का तिथेच जिरतो. आम्हाला इंजिनिअरिंग कॉलेजात हे कुणी शिकवलं नव्हतं. गावच्या सुताराला ते पाठ होतं. यात मोठे वासे फार लागत नाहीत, बारीक लाकडावर काम निघतं. पडलेलं घर पुन्हा बांधायला लागणारं सिमेंट आणि सळ्याही पर्यावरणाच्या खात्यात मोजल्या पाहिजेत, तसं कुणी मोजत नाही.

लाकडाची भलामण करताना एक गोष्ट दडवणार नाही. सागाच्या रांगाच रांगा लावल्या म्हणजे जंगल होत नाही. त्याच्याखाली ना झुडपं, ना तितके पक्षी. नैसर्गिक जंगल तोडून लागवड करणं मला अजिबात मान्य नाही. पडीक जमीन, बांध, जुन्या लागवडी, तिथलं लाकूड हवं. आपल्या विदर्भात बल्लारपूरच्या वन आगारातून सागाचा लिलाव होतो. अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठीचा साग चंद्रपूर-गडचिरोलीकडचाच. वखारीत गेलात तर जंगलातल्या मालावर वनखात्याचा हातोड्याचा ठसा आणि सोबत वाहतूक परवाना मागा. शेतातलं असेल तर कुठल्या गावचं ते विचारा. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने लाकूड प्रमाणीकरणाची भारतीय योजना सुरू केली आहे. तिचं प्रमाणपत्र मागणारं गिऱ्हाईक असेल तरच ती चालेल. मालक कुरकुरेल. कुरकुरू द्या.

वाळवीचा प्रश्न पहिला येणार, म्हणून उत्तर आधीच देतो. लाकूड नीट वाळलेलं घ्या. लागवडीचं कोवळं लाकूड असेल तर बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडची प्रक्रिया आधी करून घ्या. चौकटीचा पाय ओल्या फरशीत रुतवू नका, खाली दगड ठेवा. बाहेरच्या, पावसात भिजणाऱ्या कामाला बोरॅक्स चालत नाही, ते धुऊन जातं. तिथे वेगळी प्रक्रिया लागते. आता पुढचा प्रश्न विचारा.