खेळ उघडून बघू द्या



संयोजकांनी मला ‘संगणक आणि आजची मुलं’ हा विषय दिला आहे. यात मोबाईलला शिव्या घालायची चांगली सोय आहे, पण ते काम आपण सगळे घरी रोज करतोच. म्हणून मी एका खेळाबद्दल बोलते.

‘कर्बल स्पेस प्रोग्रॅम’ हा मेक्सिकोतल्या स्क्वॉड कंपनीचा खेळ २०११ मध्ये लोकांसमोर आला. रॉकेट आपणच जोडायचं, उडवायचं आणि बहुतेक वेळा कोसळताना बघायचं. दिवाळीच्या सुट्टीत माझा भाचा आला. आठवीत, मराठी माध्यमात शिकतो. त्याला यात आपलं इस्रोचं रॉकेट हवं होतं.

या खेळात ‘गेमडेटा’ नावाचा फोल्डर असतो. प्रत्येक इंजिनाची माहिती तिथे साध्या मजकुराच्या फाईलमध्ये असते. वस्तुमान टनांत, जोर किलोन्यूटनमध्ये. नोटपॅडमध्ये उघडा, आकडा बदला, खेळ पुन्हा सुरू करा, की इंजिन बदललं. याला मॉड म्हणतात. दुसऱ्याचं मॉड बसवायचं तर झिप उघडून त्याचा फोल्डर गेमडेटात ठेवायचा. मी त्याला चारच नियम घातले : मूळ फाईलला हात लावायचा नाही, बदल वेगळ्या फाईलमध्ये लिहायचा, एका वेळी एकच मॉड बसवायचं, आणि ते खेळाच्या कोणत्या आवृत्तीसाठी आहे ते आधी बघायचं. नोकरीत मीही हेच पाळते.

चांद्रयान-३ नेणाऱ्या एलव्हीएम-३ ची माहिती त्याने शोधली. या रॉकेटच्या टप्प्यांच्या नावातच हिशेब आहे. एस-२०० म्हणजे सुमारे २०० टन घन इंधन, एल-११० म्हणजे ११० टन द्रव, सी-२५ म्हणजे क्रायोजेनिक. खेळात मात्र रॉकेट भलतंच लांब गेलं. कारण खेळातल्या ग्रहाची त्रिज्या ६०० किलोमीटर, आपल्या पृथ्वीची ६,३७१. मग ‘रिअल सोलर सिस्टीम’ हे मॉड बसवून ग्रह खऱ्या मापाचा केला. पुढचा प्रश्न त्याचाच : “मावशी, जमिनीवरून उडताना मधलं इंजिन बंद का असतं?” सुमारे ६४० टनांचं ते धूड उचलायला बाजूचे दोन एस-२०० पुरतात, मधलं इंजिन वर गेल्यावर, हवेतच पेटतं. न्यूटनचा नियम सरांनी आपल्याला फळ्यावर शिकवला होता. त्याने तो आकडे बदलून पडताळला.

मला सगळ्यात आवडलं ते वेगळंच. फाईलमध्ये दोन तिरप्या रेघांनंतर लिहिलेलं खेळ वाचत नाही. तिथे त्याने प्रत्येक आकड्याचा अर्थ मराठीत लिहून ठेवला होता. इंग्रजीची भीती घालवायला कुठला क्लास लागला नाही.

आपण शिकलो तेव्हा पत्त्यात ‘जिल्हा परभणी’ लिहायचो. १९९९ मध्ये हिंगोली जिल्हा झाला. आज औंढ्याजवळ दुधाळ्याला लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा होते आहे. ४ किलोमीटर लांबीच्या दोन भुजा, आणि २०२३ मध्ये केंद्राने मंजूर केलेले २,६०० कोटी रुपये. तिथली यंत्रं सांभाळायला माणसं लागणार. ती सगळी बाहेरून यावीत आणि आपल्या मुलांनी तिथे फक्त सहलीला जावं, असं आपल्याला चालणार आहे का?

आपली बॅच शाळेला संगणक देणार आहे, याचा आनंद आहे. पण उद्घाटनानंतर त्यांच्यावर कापड आणि खोलीला कुलूप, असं बऱ्याच ठिकाणी होतं. माझी गुरुजनांना विनंती आहे, मुलांना फाईली उघडू द्या, बिघडवू द्या. मूळ प्रत जपून ठेवली की बिघडलेलं पाच मिनिटांत पूर्ववत होतं. ‘ऑर्बिटर’ हा मार्टिन श्वायगर यांनी केलेला असाच खेळ फुकट मिळतो; त्यातही अशाच फाईली आहेत. तो बसवून द्यायला आणि पहिले काही शनिवार शिकवायला मी येईन. आणखी दोघांनी नावं द्या.