शुगरच्या आधी माणसाची चौकशी करा



मी डॉक्टर नाही. पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करतो, गाव मालवण. आज माझीच एक चूक सांगणार आहे.

अब्बा बंदरावर मासळीचा व्यवसाय करायचे. अकरा वर्षांपासून त्यांना मधुमेह, पुढे बीपीही जडलं. मी ग्लुकोमीटर घेऊन दिला आणि रोजचा आकडा व्हॉट्सॲपवर मागवू लागलो. वाढला की फोनवर रागवायचो. मग आकडे छान येऊ लागले: ११८, १२१, १२०. ईदला घरी गेलो, मीटरची मेमरी पाहिली. शेवटची नोंद दोन महिन्यांपूर्वीची!

अब्बा म्हणाले, "खरा आकडा पाठवला की ओरडतोस, खोटा पाठवला की शाबास म्हणतोस. मी कसा आहे, हे कधी विचारलंस?"

त्या रात्री ते बोलले. मधुमेहामुळे थोरल्या चुलत्यांचा पाय कापावा लागला होता. तेव्हापासून अब्बांना झोप नव्हती. चहावरून टोमणे नकोत म्हणून मित्रांत बसणंही सोडलं होतं.

या अवस्थेला 'डायबेटिस डिस्ट्रेस' म्हणतात. पथ्य, गोळ्या, भीती आणि घरच्यांची टोचणी यांतून येणारा हा थकवा. तो मोजायला विल्यम पोलोन्स्की आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. हे म्हणजे नैराश्यच असं नाही. पण दुर्लक्ष झालं तर गोळ्या चुकतात, तपासण्या टळतात. आयसीएमआरच्या २०२३ च्या अभ्यासानुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आणि ३१.५ कोटींना उच्च रक्तदाब आहे. म्हणजे हा प्रश्न आपल्या प्रत्येक मोहल्ल्यातला आहे.

आपण अशा माणसाला "सबर करा" म्हणतो. सबर हवाच, पण त्या शब्दाने त्याचं बोलणं बंद होऊ नये. रमजानमध्ये अनेक वडीलधारे गोळ्या टाळून रोजे धरतात, कारण लोक काय म्हणतील याची लाज वाटते. सूरह बकराच्या १८४ आणि १८५ व्या आयतींत आजारी माणसाला सवलत आहे. ती घेतली म्हणून ईमान कमी होत नाही. रोज्यांआधी त्यांना घेऊन डॉक्टरांकडे जा.

उदासी हटत नसेल तर १४४१६ वर फोन लावा. टेलि-मानस ही सरकारी सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते, मराठीतही बोलता येतं.

आता मी अब्बांना आकडा शेवटी विचारतो. कधी २१० असतो. पण खरा असतो.

आज घरी फोन करा. शुगर नंतर विचारा.